टोपीवाल्या आजोबांचं कार्ड

नंबरबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. आई होती तोवर ते नाव वापरात होतं, आई गेली आणि तेही गेलं. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीत बाई चोवीस वर्षं बसल्या, सकाळी आठ ते दुपारी दोन, आणि त्या चोवीस वर्षांत गावातल्या एकूण एक आजाऱ्याला त्यांनी नंबर दिला. खिडकीला जाळी होती, जाळीला खाली हात जाईल एवढं भोक होतं. त्या भोकातून कार्ड आत यायचं आणि नंबर बाहेर जायचा. निम्म्या गावाने बाईंचा फक्त उजवा हात पाहिलेला. बाजारात भाजी निवडताना कोणी म्हणायचं, "अहो, हा हात ओळखीचा वाटतो."

बाई कडक. किती कडक, तर एकदा खुद्द त्यांच्या सासूबाई कंबर धरून आल्या. पुढे चौऱ्याहत्तर माणसं. सासूबाईंनी जाळीला नाक लावलं आणि हळूच म्हणाल्या, "सूनबाई, मी आहे गं."

बाईंनी वर न बघता विचारलं, "कार्ड?"

सासूबाईंनी कार्ड सरकवलं.

"पंचाहत्तर. बाकावर बसा. पुढचे!"

त्या दुपारी घरात जे काय झालं ते आजूबाजूच्या तीन घरांनी जेवायचं थांबवून ऐकलं. पण गंमत बघा, संध्याकाळी त्याच सासूबाई दाराच्या पायरीवर बसून आल्यागेल्याला सांगत होत्या, "आमची सून म्हणजे काट्यावर तोललेली. मला, मला पंचाहत्तर दिला तिने!" पुढे मरेपर्यंत त्या हे सांगत राहिल्या, आणि दरवेळी रांग थोडी वाढत गेली. शेवटी शेवटी तो नंबर तीनशे दहावर पोचला होता.

बाईंना खोटं जमायचं नाही. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे दोन्ही कान लालबुंद व्हायचे. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, सगळे त्यांना घड्याळवाले म्हणत. ते म्हणायचे, "हिला काही विचारायचंच नाही. कानांकडे बघायचं आणि समजून घ्यायचं." अशा जोडप्याचा संसार सुखाचा व्हायलाच हवा, आणि झालाही. भांडणं व्हायची, पण लांबायची नाहीत. एकाला खोटं बोलता येत नाही म्हटल्यावर भांडण लांबवणार कसं?

बाई निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी वर कोणाच्या तरी मनात आलं की, आपली आरोग्यसेवा देशाची आहे, देशाला राज्यघटना आहे, तर ही सेवा घटनेप्रमाणे वागते का ते एकदा मोजून बघावं. घटनेच्या पहिल्या पानावरचे चार शब्द काढले: न्याय, समानता, प्रतिष्ठा, बंधुता. प्रत्येकाला पंचवीस गुण. एकूण शंभर. दवाखान्यांची परीक्षाच म्हणा ना. परीक्षक म्हणून निवृत्त कर्मचारी घ्यायचे ठरलं, आणि कोणीतरी म्हणालं, ती नंबरवाली बाई घ्या, सासूला पंचाहत्तर दिलेली.

तीन दिवस शिकवणी झाली. मोठ्या सभागृहात पंख्याखाली चाळीस म्हातारेकोतारे वह्या घेऊन बसले. शिकवायला मोठे साहेब, गोड माणूस, बोलताना चष्मा काढून पुसायचे. प्रश्न सतरावा असा होता की, कर्मचारी रुग्णाशी हसून बोलतात का? हा बंधुतेचा प्रश्न. मागच्या रांगेतून एक जुना दंतवैद्य उठला. "साहेब, आम्ही हातात सांडशी घेऊन हसलो तर रुग्ण पळून जाईल. तिथे बंधुता कशी मोजायची?" सभागृह हसून हसून वाकलं. साहेबही हसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणूनच शेवटी शेऱ्याचा रकाना आहे. जे प्रश्नांत बसत नाही ते शेऱ्यात लिहा. शेरा हा या फॉर्मचा आत्मा आहे." नंबरबाईंनी हे वाक्य वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

सुरुवातीचे दवाखाने मजेत गेले. एका ठिकाणी प्रतिष्ठेचा प्रश्न होता, दोन खाटांमध्ये पडदा आहे का? बायकांच्या खोलीत बघितलं, निळा पडदा. पुरुषांच्या खोलीत गेल्या, निळा पडदा. इंजेक्शनच्या खोलीतही निळा पडदा. आणि तिन्ही पडद्यांवर एकाच जागी इस्त्रीने भाजल्याचा डाग. तिसऱ्या खोलीत पडद्यामागे मदतनीस भिंतीला टेकून धापा टाकत उभा होता. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि शेऱ्यात लिहिलं: "पडदा एक. धावपळ भरपूर."

मग दगडखाणीचा दवाखाना आला.

गावाबाहेर खाण, खाणीच्या कडेला खडी फोडायचं यंत्र, आणि त्याच्या धुळीत पांढरा पडलेला दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून एकदा. बाकी सगळा कारभार एका सिस्टरच्या हातात. सिस्टर अंगाने भरलेल्या, तोंडात कायम लवंग, आवाज असा की यंत्र चालू असतानाही बाहेरच्या बाकापर्यंत पोचावा. भिंतीवर घटनेचं पहिलं पान फ्रेममध्ये लावलेलं, काच पुसून लख्ख. त्याखाली औषधांचा फ्रिज, म्हाताऱ्या कुत्र्यासारखा मधूनच गुरगुरणारा.

पद्धत अशी होती की, रजिस्टर मध्येच कुठेतरी उघडायचं, डोळे मिटायचे, बोट ठेवायचं. अशी दहा नावं काढायची, त्यांच्या घरी जायचं आणि विचारायचं, तुम्हाला कसं वागवलं. बाईंनी डोळे मिटले, बोट ठेवलं. एक आजोबा निघाले, वय ब्याऐंशी, तक्रार खोकला. दुसरं बोट, तेच आजोबा, तक्रार हाताला खडी लागून जखम. तिसरं बोट, तेच आजोबा. बाईंनी पानं चाळून लांबचं पान उघडलं. तेच आजोबा, तक्रार: पाचवा महिना, पायांवर सूज.

"सिस्टर," नंबरबाई म्हणाल्या, "या आजोबांना पाचवा महिना आहे?"

सिस्टरने लवंग या गालातून त्या गालात नेली. "होता. आता मुलगी झाली."

दहा बोटांत सात वेळा आजोबा. नियम म्हणजे नियम, बाई पत्ता घेऊन निघाल्या. घर पक्क्या वस्तीत, खाणीपासून हाकेच्या अंतरावर. दारात आजोबांची बायको बसली होती, दोरीवर एक लोकरी टोपी वाळत होती.

"आजोबा आहेत का घरात?"

"ते जाऊन नऊ महिने झाले की हो."

"कुठे गेले?"

आजींनी बोट वर केलं.

नंबरबाई पायरीवर बसल्याच. आजी मोठ्या हौसेने सांगायला लागल्या, "पण तब्येत बरी आहे म्हणे आता. परवा टाके काढले. त्याच्या आधी डांग्या खोकला झाला होता, तो गेला. जिवंत होते तोवर दवाखान्याची पायरी चढले नाहीत, बाई. डोक्यावरची टोपी आणि मनातला हट्ट दोन्ही काढायचे नाहीत. मी म्हणायची, कार्ड आहे तर वापरा. म्हणायचे, वापरलं तर झिजेल. आता बघा, मेल्यावर रोज जातायत."

"आणि टोपी का धुतलीत?"

"ती धुवायचीच. सवय."

दवाखान्यात परत आल्या तेव्हा सिस्टरने स्टूल पुढे केलं. "बसा बाई. मला काय ओरडायचंय ते ओरडा, पण आधी चहा घ्या. रिकाम्या पोटी ओरडलं की पित्त होतं."

मग सगळं बाहेर आलं. खाणीवरच्या लोकांना कार्ड नव्हतं. कार्डाला घराचा नंबर लागतो, नंबराला भिंत लागते, आणि यांची घरं पत्र्याची नि प्लास्टिकची, खाण सरकेल तशी सरकणारी. कार्ड नाही तर रजिस्टरात नाव नाही, नाव नाही तर औषध फ्रिजमधून निघत नाही. पहिल्या वर्षी सिस्टरने माणसं परत पाठवली. एक दिवस एका बाईला परत पाठवताना त्यांची नजर भिंतीवर गेली. "आता हे पान मीच रोज पुसते, बाई. काच पुसायची म्हणजे वाचावं लागतंच. त्या दिवशी मला काही ते वाचवेना." तेवढ्यात टोपीवाले आजोबा काठी टेकत रस्त्याने चाललेले दिसले. कार्ड असून कधी न आलेला माणूस. सिस्टरने त्यांना हाक मारली. आजोबा म्हणाले, "न्या कार्ड, मला कशाला हवंय? पण मला टोचायचं नाही." तेव्हापासून एका कार्डावर एक्केचाळीस माणसं जगत होती.

"मेल्यावर तरी थांबायचं," नंबरबाई म्हणाल्या.

"कशी थांबू? ते मेले, बाकीचे नाही मेले."

याच वेळी दारात एक तरुण बाई आली. खाणीवर खडी फोडायची, म्हणून खडीवाली. पापण्यांवरसुद्धा पांढरी धूळ. तिला लहानपणापासून साखरेचा आजार, तो साधा नव्हे. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही असला. दिवसातून दोनदा सुई, नाही घेतली तर दोन-तीन दिवसांत खेळ खलास. सिस्टरने तिला ओल्या वाळूत माठ पुरायला शिकवलं होतं, माठात बाटली ठेवायची, गार राहते. तिने पिशवीतून रिकामी बाटली काढून ठेवली. सिस्टरने फ्रिजमधून भरलेली दिली, आणि रजिस्टरात टोपीवाल्या आजोबांच्या नावापुढे लिहिलं.

"ही कोण नवी मावशी?" खडीवालीने विचारलं.

"परीक्षा घ्यायला आल्यात. आपण घटनेप्रमाणे वागतो का बघायला."

"मग पास की नापास?"

दोघींनी नंबरबाईंकडे बघितलं. बाईंचे कान अजून काही न बोलताच लाल झाले होते.

दुपारी बाई नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसल्या. घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावलं होतं, ते तसंच ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, सोपं आहे. दुसरी दहा नावं काढ."

"बोट एकदा ठेवलं की ठेवलं. डोळे मिटून ठेवायचं, असा नियम आहे."

"मिटले होतेस ना? मग मिटलेलेच ठेवायचे."

"तुमच्या घड्याळांना जमेल ते. मला नाही जमायचं."

"माझ्या घड्याळांना नाव ठेवू नकोस. त्यातलं एकही लबाड नाही, बंद असलं तरी दिवसातून दोनदा खरं बोलतं."

बाई हसल्या, पण त्यांच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. शेऱ्याचा रकाना! तिथे सगळं खरं लिहायचं. एक ओळ नाही, पानंच्या पानं जोडायची. या देशात घटनेप्रमाणे चालणारा एकच दवाखाना सापडला आणि तो नियम मोडून चालतो, तेव्हा चूक दवाखान्याची नाही, नियमाची आहे. आणि एक्केचाळीस जणांची यादी जोडायची, नाव, वय, आजार, म्हणजे वरचे लोक त्यांना कार्डं देतील.

सिस्टरला जाऊन त्यांनी हे सांगितलं. सिस्टरने तोंडातली लवंग चावून टाकली आणि म्हणाल्या, "बाई, वर कोण वाचतं हो?"

"साहेब स्वतः म्हणालेत. शेरा हा आत्मा आहे."

"तुम्ही चोवीस वर्षं खिडकीच्या आत बसलात ना," सिस्टर म्हणाल्या, "म्हणून." आणि तरीही त्यांनी यादी करायला मदत केली. एकेकाचं नाव त्यांना तोंडपाठ. नंबरबाईंनी आयुष्यात लिहिलं नसेल अशा सुवाच्य अक्षरात तीन पानं लिहिली. शेवटच्या पानावर खडीवालीबद्दल जास्तीच्या चार ओळी: हिचं औषध एक दिवसही थांबता कामा नये. त्याखाली रेघ. फॉर्म पाठवला त्या दिवशी त्या इतक्या खुशीत होत्या की घरी जाताना अनोळखी माणसांना त्यांनी वाट दिली.

दीड महिना गेला. मग एका सकाळी दवाखान्यापुढे गाडी उभी राहिली. दोन माणसं उतरली, रजिस्टर घेऊन गेली. आठवड्याने सिस्टरची बदली झाली, मुख्यालयाच्या तळघरात जुनी रजिस्टरं सांभाळायला. टोपीवाल्या आजोबांचं कार्ड रद्द. आणि ती एक्केचाळीस जणांची यादी, नंबरबाईंनी स्वतःच्या हाताने सुवाच्य लिहिलेली, नव्या माणसाच्या टेबलावरच्या काचेखाली लागली. वर लाल अक्षरांत: यांना कोणाच्याही कार्डावर सेवा देऊ नये.

आणि निकालही आला. खोट्या नोंदी वगळून पुन्हा हिशेब केला, तेव्हा खाणीच्या दवाखान्याला समानतेत पंचवीसपैकी पंचवीस. कार्ड असलेल्या प्रत्येकाला तिथे अगदी सारखी वागणूक मिळत होती.

बाई मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, दार लावून घेतलं. हा माणूस दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं!

"बाई, तुमची तीन पानं मी स्वतः वाचली. डोळ्यांत पाणी आलं."

"मग साहेब?"

"मग काय, पुसलं. पुढच्या टेबलावर पाठवायचं होतं."

"साहेब, समानतेत पंचवीस कसे? एक्केचाळीस माणसं दाराबाहेर आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. "प्रश्न नीट वाचा. सेवा घेणाऱ्यांना समान वागणूक मिळते का? ती माणसं सेवा घेणारी नाहीतच."

"घेत होती की इतके दिवस!"

"ती तर आजोबा घेत होते, रजिस्टरप्रमाणे. आणि ते वारले, तुमच्याच शेऱ्याप्रमाणे." साहेबांनी चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. "यादी नसती जोडलीत तर... जाऊ दे. बाई, मलाही दोन वर्षांत निवृत्त व्हायचंय."

घरनंबराच्या कचेरीत बाई चार वेळा गेल्या. तिथला कारकून म्हणाला, घराला तीन भिंती तरी विटांच्या हव्यात. खडीवाली म्हणाली, "मावशी, भिंतीचे दगड रोज मीच फोडते, पण ते दुसऱ्याच्या भिंतीला जातात." आणि हसली. तिच्याकडे तेव्हा आठ दिवसांचं औषध उरलं होतं, सिस्टरने जाताना शेवटची बाटली तिच्या हातात कोंबली होती. औषधाच्या दुकानात जाऊन बघितलं. इन्सुलिनला चिठ्ठी लागते आणि चिठ्ठीवर कार्डाचा नंबर. बाई दुकानदाराशी भांडल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की आपण त्या दुकानदाराच्या जागी बसून चोवीस वर्षं हेच केलं, आणि त्या दुकानाबाहेर पडल्या.

सिस्टरना त्या तळघरात भेटायला गेल्या. सिस्टर रजिस्टरांच्या ढिगात बसून धूळ झटकत होत्या. एका शब्दाने रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. फक्त विचारलं, "खडीवालीचं औषध किती दिवसांचं आहे?"

"चार."

"मग इथे कशाला वेळ घालवताय?" सिस्टर म्हणाल्या.

तेव्हा नंबरबाईंनी आयुष्यातली पहिली लबाडी करायचं ठरवलं. घड्याळवाल्यांना तसं सांगितलं. त्यांनी भिंग काढून बायकोकडे बघितलं, आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. बाईंकडे कार्ड होतं, खरंखुरं, स्वतःचं. आपल्याला साखरेचा आजार आहे असं दाखवायचं, आपल्या नावावर इन्सुलिन घ्यायचं आणि तिला द्यायचं. इतकं साधं. तपासणीत साखर दिसायला हवी म्हणून घड्याळवाल्यांनी स्वतःच्या हाताने सहा चमचे साखर घालून चहा केला. बाई दोन कप प्यायल्या. तिसरा कप त्यांनी नाक धरून संपवला.

खाणीच्या दवाखान्यात आता नवा ब्रदर होता. पोरगेला, भला, मान वर करून न बघणारा. टेबलावर संगणक, त्यात प्रत्येक बाटलीची नोंद. त्याने विचारलं, "काय त्रास?"

"तहान लागते. सारखी. वजन उतरलंय," बाई म्हणाल्या. पाठ केलं होतं. कान पेटले होते, पण त्यांनी ते आधीच रुमालात बांधून घेतले होते, थंडी वाजते म्हणून.

ब्रदरने बोटाला टोचलं, थेंब घेतला, साखरेच्या यंत्राकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. बिचाऱ्याला दिवसभरात कोणाला चांगली बातमी द्यायला मिळत नसावी. "बाई, एकशे चौदा! या वयात! विशीतल्या मुलीसारखी साखर आहे तुमची."

"यंत्र बिघडलंय. परत बघ."

"परत?"

"दुसऱ्या हाताचं बघ."

दुसऱ्या हाताचं एकशे दहा. बाईंनी तिसरं बोट पुढे केलं. ब्रदरने ते हळूच खाली ठेवलं. काचेखालची यादी त्याने वाचली होती, आणि खाली सही केलेलं नावही वाचलं होतं. "बाई," तो खाली बघत म्हणाला, "मला समजतंय. पण प्रत्येक बाटलीला नाव लागतं, आणि नावाला हा आकडा लागतो. मी करू तरी काय?" त्याने त्यांना कापूस दिला. दोन बोटांना दोन कापूस लावून नंबरबाई बाहेर आल्या. बाहेरच्या बाकावर खडीवाली बसली होती. बाईंचा चेहरा बघून तिने विचारलंसुद्धा नाही. उलट म्हणाली, "मावशी, तुमची तब्येत तरी चांगली निघाली ना?"

चार दिवस संपले. पाचव्या सकाळी दोघी पहिल्या बसने शहरात मोठ्या रुग्णालयात गेल्या. दोन तासांचा रस्ता. खडीवालीने वाटेत दोन बाटल्या पाणी संपवलं. तिथल्या अपघात विभागात एक डॉक्टरीण होती, डोळ्यांखाली काळं, पायांत दोन रंगांचे मोजे. तिने खडीवालीला तपासलं, साखर बघितली. तीनशे चाळीस.

"औषध कधी चुकलं?"

"काल रात्रीपासून."

"चालत आलात?"

"बसमधून उतरून, हो."

"चालता येतंय, बोलता येतंय. म्हणजे बाह्यरुग्ण विभाग. तिथे कार्ड लागेल."

"कार्ड नाही," नंबरबाई म्हणाल्या, "आणि ते का नाही हे सांगायला लागले तर तुमची पाळी संपेल."

"आजी, ऐका." डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणला. "तातडीच्या रुग्णाला कार्ड लागत नाही. कोणीही असो, कुठलाही असो, आम्ही दारातच उचलून घेतो. एक प्रश्न विचारत नाही. घटनेतच आहे ते, आणि इथे ते पाळलं जातं, अगदी काटेकोर. पण ही अजून तातडीची नाही."

"मग कधी होईल?"

डॉक्टरीणबाईंनी उत्तर द्यायच्या आधी खिशातलं पेन उगाच उघडलं आणि मिटलं. "उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरात लागला, ग्लानी आली, की लगेच आणा. धावत आणा. लांब जाऊ नका. तो समोरचा बाक आहे ना, रस्त्यापलीकडचा, तिथेच बसा. मी संध्याकाळपर्यंत आहे. खिडकीतून बघत राहीन."

दोघी रस्ता ओलांडून बाकावर जाऊन बसल्या. नऊ वाजले होते. रुग्णवाहिका येत होत्या, दार उघडत होतं, माणसं खरंच उचलून आत घेतली जात होती. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. एकाच्या पायात एक बूट होता, एक नव्हता, त्यालाही घेतलं. नंबरबाई मांडीवर पिशवी घट्ट धरून बघत होत्या. खडीवाली पाणी प्यायली, ओठ पुसले, पुन्हा प्यायली. बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला, मग मनगट धरलं, श्वास मोजायचा प्रयत्न केला. सगळं अजून जवळजवळ ठीक होतं.

"मावशी, तुम्ही काहीतरी खाऊन या ना."

"नको."

"माझं पोट जरासं ढवळतंय," खडीवाली थोड्या वेळाने म्हणाली.

नंबरबाईंनी झटकन मान वळवली. "किती?" त्यांनी विचारलं, आणि आपल्या आवाजात आशा आहे, आणि ती कशाची आशा आहे, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी रुमाल तोंडावर दाबून धरला. खांदे हलायला लागले.

खडीवालीने पाण्याची बाटली बाजूला ठेवली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलाला समजावतात तसा.

"थोडंच ढवळतंय अजून," ती म्हणाली. "पण होईल, मावशी. दुपारपर्यंत होईल."